पुढच्या सीटवर अम्मा

लातूर, ९ जानेवारी २०२५

चि. दामिनीस,
शरणार्थ आणि आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे धडधाकट आहेत. फोन का केला नाही म्हणशील, तर तुझा फोन कायम गाडीत, गाडीत तो स्पीकरवर, शेजारी अम्मा आणि मागच्या सीटवर विमानातून उतरलेले पाहुणे. मागच्या खेपेला मी तुझ्या दाजींच्या पोटाचं सांगत होते, तर मागून कुणीतरी हिंदीत ओव्याचं पाणी सुचवलं. तेव्हाच ठरवलं, दामिनीशी मनातलं बोलायचं तर पोस्टानं.

तर मनातलं ऐक. आपली अम्मा तुझ्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून दसऱ्याला गेली. आता संक्रांत आली. दर वेळी विचारलं की तू म्हणतेस, या आठवड्यात पाहुणे फार आहेत, पुढच्या आठवड्यात सोडते. पाहुणे तुझे, आई माझ्या घरची, यांचा संबंध काय ते मला कळत नव्हतं. काल कळलं.

आमचा मल्लेश बेंगळुरूहून सणाला आलाय. त्यानं मोबाईलवर तुझ्या गाडीविषयी लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. गाडी विमानतळावर वेळेत येते, सामान नीट ठेवतात, गुरुद्वारा, गोदावरीचा घाट, कंधारचा किल्ला सगळं न घाई करता दाखवून परत विमानावर सोडतात. इथपर्यंत मी कौतुकानं ऐकत होते. पण खाली ज्यानं त्यानं अम्माचंच लिहिलेलं. कुणी म्हणतं, किल्ल्यापेक्षा आजी लक्षात राहिल्या. कुणी म्हणतं, आजींच्या गोष्टी ऐकायला पुन्हा येणार. आणि फोटो. तुझ्या पुढच्या सीटवर बसून अम्मा तोंड उघडून हसतेय आणि वरचा एक दात नाही. दामिनी, तो दात कधी पडला मला माहीत नाही. माझ्या घरात ती एवढं तोंड उघडून कधी हसलीच नाही.

आप्पा गेल्यापासून मी तिला फुलासारखं ठेवलंय. वेगळी खोली, वेगळा टीव्ही, गरम भाकरी. इकडची काडी तिकडे करू दिली नाही. खाली आमचं भांड्यांचं दुकान, दिवसभर खणखणाट, म्हणून तिला तिथं पायरीसुद्धा उतरू दिली नाही. त्या बदल्यात मला काय मिळालं? हाव, न्हाई आणि बास. तीन शब्द. आणि परक्यांना गोष्टी.

संक्रांत झाली की तिला आणून सोड.

तुझी अक्का,
जगदेवी

---

नांदेड, १७ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शरणार्थ.

तुझं पत्र आलं तेव्हा आमचे संगमेश्वर केळीची गाडी घेऊन अर्धापूरहून बाहेरगावी गेले होते, म्हणून निवांत वाचलं. केवढी चिडलीस. तुझा राग लहानपणापासून मला पाठ आहे, आधी दाजींचं पोट, मग खरा विषय.

अगं, अम्माला मी बोलावून बसवली नाही. ती आली त्याच आठवड्यात आमचा ड्रायव्हर पाहुण्यांना आणि बरोबर गेलेल्या आम्हा दोघींना गाडीसकट किल्ल्यावर सोडून न सांगता निघून गेला. मग मीच चाक हातात घेतलं. अम्मा म्हणाली, "एकटी बाई कुठं फिरतीस, मी बसते की बाजूला." बसली ती बसलीच. आता विमानतळाच्या दारात पाहुण्यांच्या नावाची पाटी तीच धरून उभी राहते. मराठी तिला वाचता येत नाही, उदगीरच्या शाळेत कानडी दुसरी शिकलेली, पण पाटी धरायला अक्षर कशाला लागतं? छातीशी धरते आणि प्रत्येकाकडे असं बघते की ज्यांचं नाव नाही तेसुद्धा थांबतात.

गोष्टी म्हणशील तर किल्ल्याचं, घाटाचं, जुनं-पुराणं काहीतरी बोलत असते. माझं लक्ष रस्त्यावर असतं.

एक काम होतं. सकाळचं विमान असलं की तिची लिंगपूजा गाडीतच होते, विमानतळाबाहेर झाडाखाली. तळहातावर इष्टलिंग घेते, पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. पण विभूतीची आप्पांची चांदीची डबी तुझ्याकडे राहिलीये. ती पाठव. रोज विचारते.

तुझी दामिनी

---

लातूर, २४ जानेवारी २०२५

चि. दामिनीस,

डबी इथं देव्हाऱ्यात आहे, जिथं असायला हवी तिथंच. ज्यांना हवी त्यांनी येऊन घ्यावी. इथून ती कुठं जाणार नाही.

रोज विचारते म्हणालीस. डबीचं रोज विचारते. माझं?

तुमच्याकडे विमान उतरतं म्हणून तुमची गाडी पळते. आमच्या लातूरलाही विमानतळ आहे, धावपट्टी आहे, पण पुढाऱ्यांशिवाय उतरतो कोण? नाहीतर मीही उभी राहिले असते पाटी धरून. अम्माला माझ्या दारात एकदाही कुणाची वाट बघत उभी राहिलेली मी पाहिली नाही. लग्नकार्याहून रात्री उशिरा आले तरी ती पलंगावर, तोंड भिंतीकडे. आणि तिथं ओळख ना पाळख, त्या माणसांसाठी उन्हात उभी.

जगदेवी

---

नांदेड, २ फेब्रुवारी २०२५

अक्का,

डबीवरून एवढं? बाजारातली विभूती आणून दिली, तर म्हणते कपाळाला खाज येते. हट्ट सोड आणि एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठव.

सध्या पाहुणे फार आहेत. शिवरात्रीपर्यंत तरी तिला सोडता येणार नाही. मी सोडत नाही असं नाही, ती निघत नाही.

दामिनी

---

लातूर, १५ फेब्रुवारी २०२५

दामिनी,

आता स्पष्टच लिहिते. तू आईला दुकानाच्या दारातल्या बाहुलीसारखं पुढच्या सीटवर बसवलंयस. लोक किल्ला बघतात, घाट बघतात आणि त्याच फेरीत आपली आई बघतात. घ्यायला गाडी, सोडायला गाडी आणि मध्ये अम्मा. तुझा धंदा तिच्यावर चाललाय हे तू एकदा कबूल कर, म्हणजे मला निदान खरं ऐकल्याचं समाधान.

काल दुकानात नायगावचं एक जोडपं आलं होतं, कळशी घ्यायला. बाईनं नाव विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "अहो, आमच्या पोराला विमानतळावर सोडायला गेलो तिथं एक आजी भेटल्या, त्यांची लेक लातूरला भांड्याच्या दुकानात असते म्हणाल्या. त्याच का तुम्ही?" मी हो म्हणाले. ती खूप वेळ माझ्याकडे बघून हसत होती. काय सांगितलं असेल तिला अम्मानं? माझ्या घरी जेवण गोड लागत नाही हे? की माझं तोंड फार चालतं हे? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

खरं सांगू, मला जळफळाट होतो. तुझ्या गाडीचा नाही, नावाचा नाही. मी तिचे पाय दाबले आणि तू तिचं हसणं नेलंस. शिवरात्रीच्या पूजेला ती माझ्या घरात पाहिजे. आली नाही तर मी समजेन, तुझ्या मनात मला बहीण म्हणून जागा नाही.

जगदेवी

---

नांदेड, १ मार्च २०२५

अक्का,

शिवरात्र झाली. अम्मा आली नाही. आणि आता मीही स्पष्ट लिहिते, कारण तुझं पत्र आलं त्या दिवसापासून माझं मस्तक फिरलंय.

ती पाहुण्यांना काय सांगते, हे तुला पाहिजे ना? मी खोटं लिहिलं होतं, किल्ल्याचं सांगते म्हणून. किल्ला तिला काय ठाऊक? गाडी गुरुद्वाऱ्यातून निघाली की ती सुरू होते, "एवढ्या माणसांचा लंगर हे लोक करतात ना, माझी थोरली जगदेवी आप्पाच्या माघारी एकटी शंभर पानं उठवायची." घाटावर गेलो की, "माझी थोरली हितं पाण्यात उतरली आणि बुडणाऱ्या बहिणीला झिंज्या धरून वर काढलं." लोह्याजवळ माळेगावची पाटी दिसली की, "आप्पाला ताप भरला तवा यात्रेत भांड्याचं पाल थोरलीनं राखलं, सात वर्षांची पोर, एक वाटी चोरीला गेली न्हाई." पाहुणे म्हणतात, वा, केवढी धीराची मुलगी.

अक्का, बुडणारी बहीण मी होते. मी तिथंच असते, चाक धरून, आणि गोष्टीत माझं नावसुद्धा नसतं. पाहुणे उतरताना अम्माच्या पाया पडतात, तुला नमस्कार सांगतात आणि मला म्हणतात, "ड्रायव्हर ताई, डिकी उघडा." मी तिची मुलगी आहे हे तिनं आजवर एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही. एकदाही नाही. तुझ्या त्या नायगावच्या बाईला, पोराला विमानात बसवल्यावर, मीच गाडीत बसवून फिरवून आणलं होतं, दिवसभर. तिला माझं नाव माहीत नाही, तुझं माहीत आहे.

मी पाच वाजता उठते, तिच्या पाठीला उशी लावते, तिच्यासाठी थर्मासमध्ये चहा नेते. आणि ती सगळ्या जगाला तुझं सांगते. जळायचं असेल तर आधी माझी पाळी आहे, तू मागं उभी राहा.

दामिनी

---

नांदेड, २४ मार्च २०२५

अक्का,

तू गेल्यापासून चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चारही वेळा हसू आलं, मग रडू आलं, मग पाहुणे आले.

मल्लेशकडे बेंगळुरूला गेलीस हे कळलं होतं. पण तिथून विमानानं नांदेडला येशील, तेही त्याच्या श्रीशैल नावाच्या मित्राला माझी गाडी ठरवायला लावून, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी पाटीवर नीट अक्षरात "श्रीशैल" लिहून ती अम्माच्या हातात दिली. तू पंजाबी ड्रेसात, डोळ्यांवर काळा चष्मा, अम्मासमोर येऊन उभी राहिलीस आणि ती म्हणाली, "बाई, जरा बाजूला सरा, माझं पाहुणं यायलंय." तुझा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

आणि मग ओळखल्यावर, "तू व्हय? घरी कोन हाय मग?" एवढंच.

पण तूही कमाल केलीस. म्हणालीस, मी पाहुणी म्हणून आलेय, सगळ्या पाहुण्यांना दाखवता ते सगळं मला दाखवा, जसं त्यांना सांगता तसं सांगा. मला कळलं तू का आलीस. तुला ते तुझ्या कानांनी ऐकायचं होतं. आणि गुरुद्वारा झाला, घाट झाला, लोह्याची पाटी गेली, अम्मा मुकाट. तोंडात सुपारी धरून बाहेर बघत बसली. मी आरशात तुझ्याकडे बघत होते. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

कंधारला मी गाडी सावलीत लावायला गेले आणि परत आले तर तुम्ही दोघी खंदकाजवळच्या पायऱ्यांवर. तुझं नाक लाल. म्हणालीस, "मी इथूनच एस.टी.नं लातूरला जाते." अम्माला नमस्कार केलास, मला केला नाहीस आणि गेलीस. पर्समध्ये डबी होती, मी पाहिली होती गं, देव्हाऱ्यातली आप्पांची डबी. तीही न देता परत नेलीस.

तेवढ्या वेळात अम्मा काय बोलली तुला? तिला विचारलं तर म्हणते, "कुटं काय, ऊन लई हाय म्हनले."

दामिनी

---

लातूर, ३० मार्च २०२५, पाडवा

चि. दामिनीस,

सण आहे, खोटं लिहू नये, म्हणून आजच लिहिते. कंधारपासून घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की हे तुला कधीच सांगायचं नाही. का, ते वाचल्यावर कळेल.

मी तुझं पत्र दहा वेळा वाचून आले होते. शंभर पानं, घाट, माळेगाव, सगळं तिच्या तोंडून ऐकायचं म्हणून पहिल्यांदा विमानात बसले. आणि गाडीत ती गप्प. मला वाटलं, तू खोटं लिहिलंस. माझी समजूत घालायला गोष्टी रचल्यास.

तू गाडी लावायला गेलीस आणि अम्मा पायरीवर बसली. मला म्हणाली, "बस." मी मनात म्हणाले, आता सांगणार माझं. तर तिनं तुझ्या गाडीकडे बोट केलं आणि सुरू झाली. हे तिचेच शब्द आहेत:

"ती बघ, कशी मागं घेतीय गाडी. ड्रायव्हर पळाला तवा पाहुण्यांची बायको रडायली होती, इमान सुटतंय म्हणून. हिनं पदर खोचला आणि बसली चाकाव. केळीच्या पिकपवर शिकलेली, पर असं नेलं जसं पोटातलं पानी हलू नये. संगमेश्वर म्हनला गाडी इकू, तर हिनं चावी कमरंला खोसली आणि म्हनली, आधी मला इका. भ्याली की अंगठ्यानं चाक घासती, पन तोंडाव दावत न्हाई. आप्पावर गेलीय. माझ्या दोघींत हिम्मत हिचीच."

बघ, शेवटचं वाक्यसुद्धा लिहिलं. लिहिताना पेन दोनदा थांबलं.

मी विचारलं, "अम्मा, मग तू पाहुण्यांना ही तुझी लेक म्हणून का सांगत नाहीस?" तर माझ्यावरच डाफरली. "तोंडावर गोडवे गावं व्हय लेकराचं? नजर लागती. त्यात तिचं काम रस्त्यावरचं. तू बी सांगू नको तिला."

मग मला राहवलं नाही. लहान पोरीसारखं विचारलं, "आणि माझं?"

ती म्हणाली, "तू समोर हायस की."

मला एवढा राग आला की तिथंच उठले. डबी द्यायला आणली होती, ती परत पर्समध्ये दाबली. चाकूर येईपर्यंत एस.टी.त रागानंच बसले होते. चाकूरला गाडी थांबली, शेंगा घेतल्या, आणि एक शेंग फोडता फोडता कळलं. आप्पा गेल्यापासून मी रोज तिच्या समोर आहे. सकाळी समोर, दुपारी समोर, रात्री समोर. मग ती माझं बोलणार कुणाशी आणि कधी? खाली दुकानात बसली असती तर गिऱ्हाइकाला तुझं तरी सांगितलं असतं. तेही मी होऊ दिलं नाही. खोलीत बसवलं, टीव्ही लावून दिला.

म्हणजे तू दूर आहेस तोवर तुझं कौतुक माझ्याकडे आणि मी दूर आहे तोवर माझं तुझ्याकडे. असा हा मामला आहे.

तेव्हा आता माझं ऐक. अम्माला आणू नकोस. तुझ्याकडेच राहू दे. पाहुण्यांना माझं सांगू दे. मला दिल्ली-बेंगळुरूपर्यंत माणसं ओळखतात, ते मला आवडायला लागलंय.

अक्का

---

नांदेड, १२ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
शरणार्थ.

पत्र विमानतळाबाहेर झाडाखाली वाचलं. अम्मा शेजारी लिंगपूजा करत होती, डोळे मिटलेले. मी तोंड खिडकीकडे केलं. नंतर पाहुणे आले, तर त्यांना वाटलं माझ्या घरी कुणी गेलं. तिनं सांगू नको म्हटलेलं तू सांगितलंस, म्हणून गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि दिवसभर हळू चालवली.

पण तुझी शेवटची ओळ वाचून जो राग आला तो अजून आहे. वा गं वा. तू विमानात बसून येणार, पायरीवर बसून माझं ऐकणार, आणि मग अम्मा इथंच राहू दे म्हणणार, का, तर तुझे गोडवे चालू राहावेत म्हणून? मी अजून तीच ड्रायव्हर ताई. सहा महिने मी तुझं ऐकलंय, आता माझी पाळी. बसव जयंतीला अम्माला लातूरला आणून सोडते. तिला खोलीत ठेवायचं नाही. खाली दुकानात, गल्ल्याशेजारी खुर्ची टाकायची. गंजगोलाईच्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक माणसाला कळलं पाहिजे की नांदेडला तिची धाकटी काय करते.

पुढच्या सीटवर आता माझी पाण्याची बाटली राहील. सवय व्हायला वेळ लागेल.

दामिनी

---

लातूर, ९ मे २०२५

चि. दामिनीस,
शरणार्थ आणि खूप आशीर्वाद.

तू निघालीस आणि अम्मा दारात उभी राहिली, तुझी गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. मग तिथंच उभी. मी म्हणाले, आत चल, ऊन आहे. तर म्हणाली, "तू जा की." मी आत गेले आणि खिडकीतून बघत राहिले.

खुर्ची टाकली आहे. गल्ल्याच्या डाव्या हाताला, पंख्याखाली. डबी मी तिच्या हातात दिली तेव्हा तिनं उघडून वास घेतला आणि पदरात बांधली. पहिले दोन दिवस गप्प होती. दाजी म्हणाले, हिचं मन लागत नाही, सोड परत. मी म्हणाले थांबा.

परवा उदगीरकडची एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली. कानडी बोलणारी निघाली आणि अम्माला तोंड फुटलं. मी मागं कळशांच्या चवडीआड उभी राहिले, मोजायचं निमित्त करून. दामिनी, तिनं अर्धा तास तुझं सांगितलं. कानडीत सांगितलं, म्हणून मराठीत उतरवून पाठवतेय, एक शब्द गाळलेला नाही:

"माझी धाकटी इमानतळावरून माणसं नेती, आणती. लहानपणी नदीत बुडाली होती, तवापासून पान्याला भीत होती. आता रोज गोदावरीचा पूल ओलांडती, गाडी घेऊन. पुलावर आली की मला म्हनती, अम्मा, बोल काहीतरी. मी बोलत ऱ्हाते, पूल सरेपर्यंत. तिला वाटतं मी पाहुण्यांसाठी बोलते."

बाईनं सगळी भांडी आमच्याकडूनच घेतली आणि जाताना विचारलं, "लेकीचं नाव काय म्हणालात?" अम्मानं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं सांगितलं.

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? मी तिथंच होते, तिच्यापासून चार हातांवर, कळशांच्या आड. वाटलं, पुढं जाऊन म्हणावं, नदीतून तिला मी काढली होती. नाही गेले. वर आले आणि विसरायच्या आत हे सगळं लिहून काढलं, कारण तुला ते ऐकायचं असणार हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

आता तूही तसंच कर. सहा महिन्यांत माझं जे जे सांगितलं असेल ते आठवून लिही. माळेगाव आणि शंभर पानं झाली, बाकीचं पाहिजे. काही गाळू नकोस.

आणि हे पत्र वाचून झालं की गाडीवरून आणि स्वतःवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाक. जरा जास्तच घे. नजर बाहेरच्या कुणाची नाही, माझीच आहे.

तुझी,
अक्का